डॉर्डिएलाचं दफन

गण : दोन पंखांचे सगळे

इमेल्दा अर्चुलेटाला कुठेही व्याख्यानाला उभं केलं की तिचं पहिलं वाक्य ठरलेलं असायचं. "शिकार हा धंदा आहे, गोत्र नव्हे."

मग ती समजावून सांगायची. डास, चिलटं, गोमाश्या, घरमाश्या, ज्यांना पुढे दोन पंख आणि मागच्या पंखांच्या जागी नुसत्या दोन गुंड्या, ते सगळं एकच मोठं खानदान. या खानदानात शिकारी एकाच फांदीवर निपजले नाहीत. घरमाशीच्या चुलत भावंडांत शिकारी आहेत, तळ्याकाठच्या चिमुकल्या माश्यांत आहेत. लुटारू माश्यांचं तर अख्खं घराणंच त्या धंद्यात. हवेतल्या हवेत दुसऱ्या किड्याला गाठायचं, सोंड खुपसायची आणि आतलं सगळं पिऊन टरफल टाकून द्यायचं. पण दोघी शिकार करतात म्हणून त्या बहिणी ठरत नाहीत. लुटारू माशीची जवळची नातेवाईक शोधायची तर ती फुलावर तरंगत मध पिणाऱ्या केसाळ, गरीब मधपी माश्यांकडे सापडेल.

"अंगकाठी फसवते," ती शेवटी म्हणायची, "रक्त फसवत नाही." टाळ्या पडायच्या.

नेवाडातल्या वाळूच्या टेकड्यांवर, मे महिन्याच्या अखेरच्या एका सकाळी, तिला हे वाक्य आठवलं आणि तिचे कान तापले. ऊन अजून चढायचं होतं.

उपगण : आखूड मिशांच्या

हा माशीवाल्यांचा मेळावा. दर दुसऱ्या वर्षी कुठल्या तरी वाळवंटात नाहीतर दलदलीत तंबू ठोकायचे, जाळी घेऊन उन्हातान्हात हिंडायचं आणि सावलीला बसून जे मिळालं ते टाचणीला लावायचं. प्रत्येकाचं एकेक घराणं वाटून घेतलेलं असतं. दुसऱ्याच्या घराण्यातलं काही जाळ्यात आलं तर ज्याचं त्याला देऊन टाकायचं, त्यात घासाघीस नाही. रॉस्को पिटमन डासांचा माणूस. वाळवंटात डासच नसल्यामुळे तो बिअर आणि विनोद सांभाळतो.

हॅलवर स्तेन्सरूड लुटारू माश्यांचा, आणि त्याच्या हाताखाली शिकली म्हणून इमेल्दाही. न्यू मेक्सिकोतून पहिल्यांदा ती त्याच्या विद्यापीठात आली तेव्हा नॉर्थ डकोटाची थंडी म्हणजे काय ते तिला माहीत नव्हतं. पहिला हिवाळा ती हॅलवरच्या घरीच राहिली, तळघरातल्या खोलीत. त्याच्या बायकोनं, डॉर्डीनं, तिला लोकरीचे मोजे दिले, बटाट्याच्या पातळ पोळ्या लाटायला शिकवल्या आणि गाडी बर्फात अडकली तर काय करायचं तेही शिकवलं. इमेल्दानं आईला फोनवर सांगितलं होतं, इथे मला दुसरं घर आहे.

डॉर्डीला माश्यांमधलं काही कळत नाही आणि कळून घ्यायचंही नाही. "चाळीस वर्षं मी माश्यांच्या संसारात आहे," ती म्हणते, "तरी घरात एक शिरली की मला वर्तमानपत्राची गुंडाळीच आठवते." पण मेळाव्याचा स्वयंपाक तिचा आणि पिकअप गाडीचं चाकही तिच्याच हातात. हॅलवर गाडी चालवताना खिडकीबाहेर माश्या बघतो, म्हणून ते काम त्याच्याकडून कधीच काढून घेतलं गेलं.

आणि अशा या बाईच्या नावाची एक माशी होती.

प्रजाती : डॉर्डिएला

याच टेकड्यांवर, तरुण असताना, हॅलवरला एक मादी मिळाली होती. राखाडी, बोटाच्या पेराएवढी, कुठल्याच ओळखीच्या लुटारू माशीसारखी नव्हती. त्यानं तिच्यासाठी नवी प्रजाती काढली आणि बायकोचं नाव दिलं. त्यानंतर तो सात-आठ वेळा इथे येऊन गेला, दुसरेही येऊन गेले. पुन्हा एकही मिळाली नाही. जगात डॉर्डिएला म्हणजे पेटीत टाचणीला लावलेली ती एक.

"लोक बायकोला अंगठी देतात," डॉर्डी म्हणायची. "यानं मेलेली माशी दिली. तीही कुलपात."

पण जाळं हातात घेऊन टेकडी चढताना तीच सगळ्यांत पुढे. काही फडफडलं की जाळ्याचं तोंड मुठीत धरून विचारायची, "ही मी का?"

"नाही, डॉर्डी."

"बरं. मग जा बाई." आणि सोडून द्यायची. तिला मारायला आवडत नसे.

कुल (चुकीचं) : मधपी माश्या

तीन वर्षांपूर्वी इमेल्दानं हॅलवरकडे ती माशी मागितली. रक्ताची परीक्षा करायची होती. रक्ताची म्हणजे पेशींमधल्या त्या धाग्याची, ज्यावरून कोण कोणाचं ते कळतं. हॅलवरनं दोन पाय काढायची परवानगी दिली. पाय घ्यायचे, पोटाला हात लावायचा नाही, हा नियम इमेल्दाच्या स्वतःच्या प्रयोगशाळेतला. विद्यार्थ्यांना ती तो ओरडून सांगायची. शिकारी किड्याच्या पोटात त्याचं जेवण असतं.

पहिल्या पायातून काही निघालं नाही. दुसऱ्यातूनही नाही.

मग तिनं पोटाच्या खालच्या बाजूनं, दिसणार नाही असा, कोरडा भुगा खरवडून घेतला. हॅलवरला विचारलं नाही. इतक्या जुन्या माशीत कुठलं आलंय जेवण, असं स्वतःला सांगितलं.

भुग्यातून भरपूर निघालं. एक ठळक खूण आणि तिच्या मागे दुसरी, पुसट. पुसट खुणेला तिनं "बाहेरची घाण" म्हटलं आणि वगळलं. ठळक खूण मधपी माश्यांच्या एका जुन्या प्रजातीशी जुळली. नुसती जवळ नाही, अक्षरन् अक्षर जुळली. असं जुळणं हाच खरा तर संशय घ्यायचा मुद्दा होता. तिनं त्याचा शोध केला.

मधपी माश्यांत जन्मून शिकारी झालेली माशी! गरीब घराण्यात निघालेली दरोडेखोर! शिकार हा धंदा आहे, गोत्र नव्हे, याला यापेक्षा देखणा दाखला कुठून मिळणार? लेख छापून आला. पाठोपाठ बक्षीस आलं, मग व्याख्यानं. आणि माशी जर त्या जुन्या प्रजातीतलीच, तर तिला नवं नाव कशाला? दोन नावांत जुनं राहतं आणि नवं बुडतं, असा नियमच आहे. डॉर्डिएला बुडाली.

हॅलवरनं लेख दोनदा वाचला आणि फोन केला. "दाढी आहे तिला, इमेल्दा," तो म्हणाला. "तोंडावर केसांची दाढी. मधपीला दाढी कुठून येईल?"

"आली, हॅलवर. स्वतंत्रपणे आली. तोच तर मुद्दा आहे."

तो म्हणाला, "तुझ्याकडे यंत्रं आहेत. मी म्हातारा डोळ्यांनी बघतो." त्यात टोमणा नव्हता. टोमणा असता तर बरं झालं असतं, असं तिला पुढे वाटलं.

रीत

(याला घराण्याच्या झाडात जागा नाही. पण हे सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं नाही.)

मेळाव्याच्या शेवटच्या दुपारी, जेवणानंतर, त्या दोन वर्षांत बुडलेल्या नावांचं दफन होतं. नाव लिहिलेली चिठ्ठी काचेच्या कुपीत घालायची आणि जमिनीत पुरायची. खड्डा ज्यानं नाव बुडवलं त्यानं स्वतःच्या हातानं खणायचा, स्वयंपाकघरातल्या चमच्यानं. ज्याचं नाव बुडालं त्यानं चार शब्द गौरवाचे बोलायचे. मग रॉस्को बिअर ओततो, सगळे खोटं रडतात आणि सामान आवरायला लागतात. यात आजवर कोणी रागावलेलं नाही. नाव बुडणं हा धंद्याचा भागच आहे.

यंदा एकच कुपी होती.

जाती : सकाळची

शेवटच्या सकाळी इमेल्दा डॉर्डीबरोबर टेकडीवर गेली. हॅलवरचा गुडघा सुजला होता, तो खाली ताडपत्रीच्या सावलीत बसला होता. वाळू अजून पायाला गार लागत होती. खालच्या उतारावर झुडपांना पिवळी फुलं होती आणि फुलांवर मधपी माश्या, ठिपक्यांच्या पंखांच्या, एका जागी हवेत टांगल्यासारख्या.

"माझ्या दफनाला काय घालू?" डॉर्डीनं विचारलं. "निळा सदरा आणलाय. पण मयतानं निळं घालावं का?"

"डॉर्डी, प्लीज."

"अगं, तुला काय झालं? दोन वर्षं झाली, लोक मला विचारतात, बुडाल्यावर कसं वाटतं. मी सांगते, पोहता येत असेल तर काही वाटत नाही." ती हसली आणि वाळूत जाळ्याची काठी रोवून उभी राहिली. "हॅलवर मात्र भाषण लिहितोय. काल तीनदा फाडलं. तू त्याला बोलू नकोस मी सांगितलं म्हणून."

एवढ्यात डॉर्डीनं जाळं फिरवलं, एकदाच, पोळी उलटावी तसं, आणि जाळ्याचं तोंड मुठीत धरलं.

"हं. काहीतरी जड आहे. बघ. ही मी का?"

इमेल्दानं जाळीच्या कापडातून बघितलं.

माशी राखाडी होती. दोन डोळ्यांच्या मध्ये, डोक्याच्या वर, खोलगट वाटी होती. तोंडावर पांढऱ्या राठ केसांची दाढी. पायांवर काटे, आणि त्या काटेरी पायांत तिनं एक केसाळ, ठिपक्यांच्या पंखांची मधपी माशी घट्ट आवळली होती. सोंड मधपीच्या मानेत होती. जाळ्यात सापडूनही तिनं पिणं थांबवलं नव्हतं.

त्या एका क्षणात इमेल्दाला सगळं समजलं, आणि समजायला काही वेळ लागला नाही, हे सगळ्यांत वाईट. ठळक खूण जेवणाची होती. पुसट खूण, जी तिनं घाण म्हणून फेकली, ती माशीची. तिनं माशी फेकून तिचं जेवण घराण्यात बसवलं होतं.

इथे तिला पुढीलपैकी काहीही म्हणता आलं असतं.

हो.

हो, डॉर्डी, हीच. जाळं घट्ट धरा, हलू नका.

थांबा, मला नीट बघू दे.

हॅलवरना बोलवा.

मला माहीत नाही.

यातलं एकही फार अवघड वाक्य नाही. पण आठवडाभर त्या प्रश्नाला तिनं एकच उत्तर दिलं होतं. ते जिभेवर तयार होतं, तेच बाहेर पडलं.

"नाही, डॉर्डी. साधीच आहे."

"बरं," डॉर्डी म्हणाली. "मग जा बाई. जेवण तरी पुरं कर."

तिनं मूठ सोडली. माशी शिकारीसकट उडाली, वाळूवर थोडं खाली येऊन पुन्हा वर गेली आणि टेकडीच्या कडेपलीकडे दिसेनाशी झाली.

इमेल्दा धावली. डॉर्डीला वाटलं, दुसरं काही दिसलं असेल. कडेपलीकडे वाळू होती, झुडपं होती, वारा होता. ती तासभर त्या उतारावर फिरली. घामानं डोळे चुरचुरत होते. "मिळालं का काही?" डॉर्डीनं वरून हाक मारली. "नाही!" तिनं ओरडून सांगितलं. या वेळी ते खरं होतं आणि त्याचीही तिला लाज वाटली.

जेवण

जेवायला बीन्स, मक्याचा पाव आणि डॉर्डीचं बटाट्याचं सॅलड. इमेल्दानं ताट घेतलं आणि ताटाकडे बघत बसली.

"आमची जल्लाद जेवत नाही," रॉस्को म्हणाला. "पाप पोटात गेलं की भूक मरते म्हणतात."

"गप रे," डॉर्डी म्हणाली. "उन्हात फार फिरली ती. पोरी, निदान लिंबू सरबत घे." तिनं स्वतः ग्लास भरून इमेल्दाच्या हातात दिला आणि तिच्या कपाळाला हात लावून बघितला, ताप आहे का म्हणून. इमेल्दाला तो हात झटकून टाकावासा वाटला. तिनं तो तसाच राहू दिला.

गप्प बसलं तर काय होईल, याचा तिनं हिशेब केला. काहीच होणार नव्हतं. माशी गेली. ती पुन्हा कोणाला मिळेल न मिळेल. आजवर मिळालीच नव्हती. हॅलवर भाषण करील, कुपी पुरली जाईल, पिकअपमध्ये सामान भरलं जाईल. बोललं तर पुरावा नाही. नुसतं "मला दिसली." आणि दिसली तर सोडली का? याचं उत्तर लेख चुकला यापेक्षा कठीण होतं. लेख कोणाचाही चुकतो.

हॅलवर समोर बसून चुरगळलेला कागद मांडीवर सपाट करत होता.

दफन

तंबूंच्या मागे, वाळूत, सगळे गोल करून उभे राहिले. रॉस्कोनं डोक्यावर काळा टी-शर्ट बांधला होता. डॉर्डी निळा सदरा घालून आली, आणि लोकांनी शिट्ट्या वाजवल्या.

"मयत स्वतः हजर आहे," रॉस्को म्हणाला, "हे आमच्या इतिहासात पहिल्यांदाच. बाई, शेवटची इच्छा?"

"भांडी तुम्ही घासा."

सगळे हसले. हॅलवर हसला नाही. तो काठीला टेकून पुढे आला आणि कागद न बघता बोलू लागला.

"माझ्याकडे चार ओळी आहेत, पण नको. एवढंच सांगतो. मला ती मिळाली त्या दिवशी मी फार एकटा होतो. डॉर्डी तेव्हा दवाखान्यात होती, आमचं मूल राहिलं नव्हतं. मी तिला फोनवर काय सांगू? सांगितलं, मला एक माशी मिळाली आहे, कोणी कधी बघितली नाही. ती म्हणाली, मग तिला माझं नाव दे, काहीतरी राहू दे." तो थांबला. "शास्त्राला याच्याशी देणंघेणं नाही. माझा अंदाज चुकला, इमेल्दाचं बरोबर. नाव जातं तर जातं. बस."

कोणी खोटं रडलं नाही. डॉर्डी वाळूकडे बघत होती. ही गोष्ट इमेल्दाला माहीत नव्हती. त्या घरात अख्खा हिवाळा राहून माहीत नव्हती.

रॉस्कोनं तिच्या हातात चमचा दिला. ती गुडघ्यांवर बसली आणि खणू लागली. वाळू कोरडी होती. एक चमचा बाहेर काढला की कडेची तेवढीच आत ओघळे. ती खणत राहिली, खड्डा होईना.

"पाणी घाला जरा," कोणीतरी म्हणालं.

"ही लुटारू माशी आहे," इमेल्दा खाली बघूनच म्हणाली.

"काय?"

"डॉर्डिएला. ती लुटारू माशीच आहे. मी पोटातलं घेतलं होतं. पाय निकामी गेले म्हणून पोटातलं घेतलं, विचारलं नाही. ते तिच्या जेवणाचं होतं. ती मधपी माश्या खाते. मी तिच्या जेवणाला तिचं गोत्र समजले."

गोलात एक गुरगुर उठली. ही माणसं अशी आहेत की कोणी रडत असेल तरी आधी पद्धत विचारतील. "दुसरी खूण नव्हती का?" "होती. पुसट होती. मी वगळली." "आणि तुला हे आता कसं कळलं?"

"आज सकाळी बघितली. जिवंत. तोंडात मधपी."

"कुठे आहे?" हॅलवरचा आवाज एकदम तरुण झाला.

"सोडली."

"कोणी सोडली?"

इमेल्दानं मान वर केली नाही. पण सगळ्यांना डॉर्डीच्या बाजूनं एक छोटा आवाज ऐकू आला, श्वास अडकल्यासारखा.

"मी," डॉर्डी म्हणाली. "मी सोडली. ही म्हणाली साधी आहे."

रॉस्कोनं डोक्यावरचा टी-शर्ट काढला.

"मी साधी म्हणाले," इमेल्दा म्हणाली. "मला दिसत होतं आणि मी साधी म्हणाले."

कुल (पुन्हा) : लुटारू माश्या, बहुधा

पाच मिनिटांत सगळी टेकडी माणसांनी भरली. भर उन्हात, डोक्याला ओली फडकी बांधून, जाळी घेऊन सगळे रांगेनं उतार पिंजून काढत होते. हॅलवर सुजलेला गुडघा ओढत वर चढला, कोणाचं ऐकेना. जाताना त्यानं इमेल्दाजवळ थांबून फक्त विचारलं, "सोंड कुठे होती? मानेत की डोळ्यात?"

"मानेत."

"मानेत!" तो म्हणाला, आणि त्याच्या चेहऱ्यावर जो आनंद होता तो तिला बघवला नाही.

डॉर्डी खालीच राहिली. भांडी घासायला कोणी उरलं नव्हतं, म्हणून ती घासू लागली. इमेल्दा टॉवेल घेऊन शेजारी उभी राहिली. डॉर्डीनं धुतलेलं ताट तिच्या हातात न देता पलीकडे ठेवलं. दुसरं ताटही पलीकडे ठेवलं. इमेल्दा थोडा वेळ टॉवेल धरून उभी राहिली आणि मग टेकडीकडे निघाली.

कोणाला काही मिळालं नाही. तीन वाजता उन्हानं दोन माणसं आजारी पडायला आली तेव्हा हॅलवरनं सगळ्यांना खाली बोलावलं.

स्थान अनिश्चित

घराण्याच्या झाडात कुठे बसवायचं ते ठरत नसेल, तर तसं लिहायची सोय आहे. हॅलवरनंच ते बोलून दाखवलं, पाण्याच्या पिंपावर बसून, चेहरा लालभडक. "तू लेख मागे घे. घेशील?"

"घेते. बक्षीसही परत करते."

"बक्षिसाचं मला काय करायचंय? लेख मागे घे. तोवर स्थान अनिश्चित. नाव बुडालं नाही, तरलंही नाही. कोणाला पुन्हा मिळेल तेव्हा बघू."

"म्हणजे मी आता कुठे?" डॉर्डीनं विचारलं. तिनं नवऱ्याला विचारलं होतं.

"अधांतरी," हॅलवर म्हणाला. "पण आहेस."

"हॅलवर, मी तुमच्याशी..." इमेल्दानं सुरुवात केली.

"माझ्याशी काय? मला तू चुकीचा लेख दिलास. मी आयुष्यभर चुकीचेच लेख वाचत आलोय, अर्धे माझेच होते." त्यानं टोपीनं वारा घेतला. "माझ्याशी नको बोलूस."

नमुना

गावातल्या विमानतळापर्यंत सव्वाशे मैल. इमेल्दा आली होती त्यांच्या पिकअपमधून आणि जायचंही त्याच गाडीतून होतं. दुसऱ्या गाड्या निघून गेल्या होत्या, किंवा भरल्या होत्या, किंवा तसं तिला सांगण्यात आलं. पुढची बैठक एकच, तिघांची. हॅलवरला गुडघा लांब करायला दाराकडची जागा लागत होती. म्हणून इमेल्दा मधे बसली, दोघांच्या खांद्यांना खांदे लावून, गुडघे गिअरच्या दांड्यापासून चोरून. गिअर बदलताना दर वेळी डॉर्डी म्हणायची, "पाय." ती पाय आणखी चोरायची.

हॅलवरला झोप लागली.

बाहेर मिठाचं कोरडं तळं, मग बराच वेळ काहीच नाही. इमेल्दानं मनात बरीच वाक्यं जुळवली. सगळ्यांची सुरुवात "मी" नं होत होती.

"कशी होती ती?" डॉर्डीनं विचारलं. नजर रस्त्यावर.

"काय?"

"माशी. जवळचं मला धुरकट दिसतं, मला नुसता करडा ठिपका दिसला. पेटीतली मी बघितलीये, वाळलेली. जिवंत कशी होती?"

इमेल्दानं सांगायला सुरुवात केली. राखाडी होती, पण उन्हात पाठीवर रुपेरी झाक. डोळे मोठे, हिरवट. डोळ्यांच्या मधे वाटीसारखा खड्डा.

"तो सगळ्यांना असतो?"

"लुटारू माश्यांना. मधपीला नसतो."

"पुढे."

तोंडावर दाढी, पांढरी, दाट. शिकार धडपडली तर तिचे पाय डोळ्यांना लागू नयेत म्हणून असते म्हणतात. पायांवर काळे काटे, दोन रांगांत. मधपीला तिनं पोटाशी धरलं होतं, सहाही पायांनी, आणि पीत होती. जाळ्यात होती तरी पीत होती, घाबरली नव्हती. पोट हलत होतं, लयीत.

"सुंदर होती?"

"हो."

"खड्डा दिसला तुला, दाढी दिसली, काटे दिसले."

"हो."

"मी विचारलं तेव्हा हे सगळं दिसत होतं."

"हो, डॉर्डी."

डॉर्डीनं मान हलवली, जशी किराणा दुकानात भाव ऐकून हलवावी. पुढे चढ होता.

"पाय," ती म्हणाली, आणि गिअर बदलला.